पहिल्या नंबरची साफसफाई

"इंजिनिअर व्हय? मग जावा सरळ आत. मशीन बिघडवलेली बाई ती काय, तितं बसलीया."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या गेटवर वॉचमननं माझं असं स्वागत केलं. मी अजून स्कूटरसुद्धा स्टँडला लावली नव्हती. काय बिघडलंय ते मला ठाऊक नव्हतं. कुणी बिघडवलंय ते मात्र वॉचमनपर्यंत पोचलं होतं.

टाइम ऑफिसच्या बाकावर प्रज्ञा कांबळे बसली होती. मांडीवर जेवणाचा डबा, पायाशी पिशवी. मी तिला ओळखत होतो. मी तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका फर्ममध्ये कॉम्प्युटर मेन्टेनन्सची नोकरी करत होतो. या कारखान्याचं वर्षाचं देखभालीचं कंत्राट, म्हणजे एएमसी, आमच्याकडं होतं. त्यामुळं माझं येणं-जाणं असायचं. प्रज्ञा तिथली सीएमएम ऑपरेटर.

सीएमएम म्हणजे मापं घेणारं मशीन. जाड ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर हलणारा एक हात, आणि हाताच्या टोकाला माणकाचा बारीक मणी बसवलेली सुई. कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी भाग, टेबलावर ठेवायचं. सुई त्याला ठिकठिकाणी टेकते आणि कुठं टेकली ते शेजारचा कॉम्प्युटर टिपून घेतो. शेवटी मापांचा रिपोर्ट छापून निघतो. मोठ्या कंपन्यांचा माल त्या रिपोर्टशिवाय गेटबाहेर पडत नाही. म्हणजे शंभर माणसं घाम गाळून जे ओततात आणि घासतात, ते शेवटी या एका खोलीच्या दारात येऊन थांबतं.

"काय झालं?" मी तिला विचारलं.

"मला कशाला विचारालासा? आत जाऊन विचारा की. त्यांना सगळं म्हाईत हाय."

"तू सांग."

तिनं डबा बाजूला ठेवला. "मी रजेवर हुतो. दसऱ्याला आई-वडलांना घेऊन नागपूरला गेलतो, दीक्षाभूमीला. दरवर्षी जातो. काल कामावर आलो, कॉम्प्युटर चालू केला, तर सॉफ्टवेअर उघडंना. सांगायला गेलो, तर मालकांचं जावई माझ्यावरच उलटलं. सगळ्या डिपार्टमेंटसमोर म्हणालं, रजा देताना कुरकुर केली म्हणून त्या रागानं तूच काहीतरी केलंस. आज आत घेतलं न्हाय. इंजिनिअर काय सांगतोय बघू, मग ठरवू म्हणालेत."

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते. त्या दिवशी गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. तिची नोकरी राहणार की जाणार हे माझ्या तोंडून काय निघतं त्यावर ठरणार होतं, आणि हे मला गेटवरच कळलं.

मी आत गेलो. मालकांना सगळे आण्णा म्हणत. तरुणपणी स्वतः मोल्डिंगला उभे राहिलेले, भट्टीच्या धगीनं कातडी रापलेली, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचे जावई रणजितराव. पुण्याला एमबीए केलेले. लग्नानंतर वर्षभरात कारखान्याचा क्वालिटी विभाग त्यांच्याकडं आला होता. जुने कामगार मागं त्यांना 'पावणं' म्हणत आणि पुढं 'साहेब'.

"या सुतार," आण्णा म्हणाले. "हे बघा, आमास्नी लई खोलात जायचं न्हाय. ट्रक हुबा हाय. पुण्याची पार्टी सकाळपास्नं बोंबलालीया. मशीन चालू करा आन् तुमच्या रिपोर्टावर लिव्हून द्या."

"काय लिहू?"

"ऑपरेटरच्या हातनं बिघडलं म्हणून."

"मी अजून मशीन बघितलं नाही, आण्णा."

"मग बघा की. बघून लिव्हा."

रणजितराव हसले. "मिस्टर सुतार, केस अगदी सिम्पल आहे. खंडेनवमीला सकाळी मशीन व्यवस्थित चालू होतं. मी स्वतः बघितलंय. पूजेसाठी बंद केलं. त्यानंतर पहिला हात लागला तो बाईंचा. आणि त्यांचा अ‍ॅटिट्यूड आधीपासूनच चांगला नाही. ऐन पूजेच्या वेळी रजा मागतात."

माझा स्वभाव तापट आहे. आमचे साहेब म्हणायचे, सुतारला मशीनकडं पाठवा, माणसांकडं नको. मी दात आवळून उठलो. मला दुरुस्तीला बोलावलं नव्हतं, सहीला बोलावलं होतं. निकाल आदल्या दिवशीच लागला होता. शिक्का तेवढा माझा पाहिजे होता.

सीएमएमच्या खोलीत गेलो आणि आणखी डोकं फिरलं. आमच्या भागात खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. पान्यापासून क्रेनपर्यंत. त्यात वावगं काही नाही, माझ्या पेटीतल्या स्क्रूड्रायव्हरलाही माझी बायको हळदीकुंकू लावते. पण इथं ग्रॅनाइटच्या टेबलावर कुंकवाचा सडा होता. झेंडूच्या पाकळ्या सुकून चिकटल्या होत्या. नारळाच्या पाण्याचा ओघळ वाळला होता. ज्या टेबलावर केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक मोजायचा, त्या टेबलावर.

तिथला फोरमन बापू माझ्या मागोमाग आला. वयस्क माणूस. हळूच म्हणाला, "ज्याचं मशीन त्यानं नारळ फुटताना हुबं ऱ्हावं लागतंय, साहेब. बाई पूजेला न्हवती. मशीनला बी कळतंय की."

"मशीनला कळत असतं ना बापू, तर टेबलावर नारळ फोडणाऱ्याला त्यानं आधी हाकललं असतं," मी म्हणालो. "फडकं आणा."

बापू फडकं आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. मी कॉम्प्युटर चालू केला. विंडोज २००० व्यवस्थित सुरू झालं. सीएमएमच्या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं, आणि खिडकी आली: अमुक नावाची डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल, सांगितलेल्या पाथमध्ये सापडली नाही. त्याखाली तो पाथ छापलेला. आदल्या दिवसापासून ही खिडकी अर्ध्या कारखान्यानं बघितली होती. इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे म्हटल्यावर सगळ्यांनी 'व्हायरस' म्हणून ती बंद केली होती.

आता हा पाथ म्हणजे काय, ते सांगतो. समजा, घरात नवीन सून आली. सासूनं सांगितलं, काही लागलं तर आधी फळीवर बघ, मग कपाटात बघ, मग कोठीच्या खोलीत बघ. सून त्या क्रमानं बघते. वस्तू पहिल्यांदा जिथं सापडेल तिथून घेते, पुढं जात नाही. आता ही सांगितलेली ठिकाणंच कुणी पुसून टाकली, तर साखर घरात असूनही सून म्हणणार, साखर नाही. तिचं काही चुकत नाही. कॉम्प्युटरचा पाथ म्हणजे अशी ठिकाणांची एक लांब ओळ असते. फोल्डरांचे पत्ते एकापुढं एक, मधे अर्धविराम. डॉसच्या काळात ही ओळ एका छोट्या फाइलमध्ये उघड्यावर असायची. विंडोज २००० मध्ये ती आत गेली: माय कॉम्प्युटर, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स. चार दारं ओलांडून. चुकून तिथं कुणी पोचत नाही. पोचायचं ठरवूनच जावं लागतं.

मी ती चार दारं ओलांडून गेलो. पाथमध्ये विंडोजचे तेवढे पत्ते. बाकी चकाचक.

मी रणजितरावांना बोलावून घेतलं. "या कॉम्प्युटरवर इतक्यात कुणी काही बदललं का?"

"नाही. मी फक्त साफसफाई केली."

"कसली साफसफाई?"

"फाइव्ह एसची."

फाइव्ह एस ही जपानी पद्धत. त्या वर्षांत आमच्याकडच्या प्रत्येक कारखान्यात तिची साथ आली होती. नको असलेल्या वस्तूवर लाल चिठ्ठी लावायची, ती बाहेर काढायची, उरलेली जागच्या जागी ठेवायची. पद्धत चांगली आहे. रणजितरावांनी ती खंडेनवमीच्या साफसफाईला जोडून डिपार्टमेंटांची स्पर्धा लावली होती. पहिला नंबर आणि त्याची ढाल क्वालिटीला मिळाली होती. परीक्षक कोण होते ते मी विचारलं नाही.

"कॉम्प्युटरवर काय साफ केलंत?"

"डेस्कटॉप. जुन्या फाइली. रुटीन." मग ते जरा पुढं आले. "आणि हे लक्षात घ्या, माझ्या साफसफाईनंतर मशीन चालू होतं. आमचा दुसरा ऑपरेटर शिवाजी त्या सकाळी त्यावर काम करत होता. माझ्यामुळं बिघडलं असतं तर तेव्हाच बंद पडलं असतं. कॉमन सेन्स आहे."

"शिवाजी कुठं आहे?"

"शाहूवाडीला. भातकापणीला गेलाय. तो आठवडाभर येत नाही."

म्हणजे मशीन चालवणारी दोनच माणसं. एक शाहूवाडीच्या डोंगरात भात कापतोय. दुसरी गेटवर बाकावर बसवलेली.

मी मशीन विकणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. त्यांचा माणूस म्हणाला, पाथमध्ये काय होतं ते इथून सांगता येणार नाही, तुमच्या मशीनवर दोनदा अपग्रेड झालंय, इंजिनिअर दोन-तीन दिवसांनी पाठवतो. अडचण खरी होती. हार्ड डिस्कवर शोधलं तर ती डीएलएल फाइल एक नाही, तीन ठिकाणी निघाली. एक जुन्या व्हर्जनची, एक नव्याची, एक कुठली कोण जाणे. त्याच नावाच्या. कुठला पत्ता आधी लिहायचा? अंदाजानं लिहिला असता तर मशीन सुरू झालं असतं, कदाचित मापं चुकीची दिली असती. बंद मशीन बरं. ते निदान खोटं बोलत नाही.

तेवढ्यात आमच्या साहेबांचा फोन आला. आण्णांनी त्यांना आधीच गाठलं होतं.

"सुतार, काय लावलंयस तिथं? चालू कर आणि ये."

"साहेब, इथला पाथ कुणीतरी पुसलाय. आणि हे लोक त्या ऑपरेटरवर घालायला बघतायत."

"तुला काय करायचंय? आपण कॉम्प्युटर बघतो, माणसं नाही. काय पाहिजे ते लिहून दे त्यांना. एएमसी संपत आलीय त्यांची."

"मला जे दिसलं नाही ते मी लिहिणार नाही."

"सुतार, जास्त शहाणपणा नको." आणि फोन ठेवला.

मी खोलीबाहेर आलो. डोकं तापलं की मला चालावं लागतं. कॉरिडॉरमधून शॉपकडं, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं त्या शेडकडं, निघालो. भिंतीवर फाइव्ह एसचा मोठा बोर्ड होता, त्याला झेंडूची माळ. माळ सुकली होती. बोर्डावर 'आधी' आणि 'नंतर' अशा फोटोंच्या जोड्या. आधी तेलकट रॅक, नंतर रंगवलेला रॅक. आधी गंजलेले पाने, नंतर खिळ्यांवर टांगलेले पाने. मी नुसता बघत चाललो होतो. आणि शेवटच्या चौकटीपाशी माझे पाय थांबले.

'क्वालिटी विभाग: कॉम्प्युटरचे फाइव्ह एस.' वर डेस्कटॉपची चित्रं, आधी गर्दी, नंतर पाच आयकॉन. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत छापलेलं: 'सिस्टिम पाथ: आधी.' पुढं पत्ते, एकापुढं एक, अर्धविरामांसकट, तीन ओळी भरून. खाली: 'सिस्टिम पाथ: नंतर.' पुढं अर्धी ओळ. शेजारी हिरव्या शाईत बरोबरची खूण आणि मथळा: 'अनावश्यक गोष्टी काढल्या. कॉम्प्युटरचा वेग वाढला.' कोपऱ्यात सोनेरी कागदाचा बिल्ला, पहिला क्रमांक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पुण्याला फोन करत होतो, डिस्क चाळत होतो, आणि बिघाड आणि त्याचं औषध दोन्ही भिंतीवर हार घालून ठेवलेलं होतं. खंडेनवमीपासून सगळा कारखाना त्याच्यासमोरून जेवायला जात होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसानं पाथ पुसला म्हणून नाही. चूक कुणाच्याही हातून होते, आणि त्या यादीतला एखाद-दुसरा पत्ता खरोखर मेलेल्या सॉफ्टवेअरचा होता, हेही खरं. कुठल्यातरी मासिकात त्यांनी वाचलं असणार की पाथ लांब झाला की कॉम्प्युटर मंद होतो. ते जाऊ द्या. राग याचा आला की स्वतः केलेल्या कामाचं बक्षीस घेऊन, त्याची पाटी भिंतीवर लावून, हा माणूस चार-पाच दिवसांतच एका बाईला म्हणाला, तू केलंस. आणि वर तिच्या नागपूरला जाण्याचं कारण जोडलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बापूसारख्यांच्या डोक्यात नारळाची गोष्ट शिरायला मग वेळ लागतो का?

मी टाचण्या काढल्या. कागद घेतला आणि खोलीत गेलो. 'आधी'चा पाथ जसाच्या तसा टाइप केला, क्रम न बदलता. सॉफ्टवेअर उघडलं. झटक्यात. प्रत्येक सीएमएमसोबत एक मापाचा गोळा येतो. त्याचं माप आधीच नक्की ठरलेलं असतं, मशीन खरं बोलतंय का ते त्यावर तपासतात. टेबल मीच पुसून घेतलं, गोळा लावून बघितला. मशीन खरं बोलत होतं.

मग आण्णांना बोलावलं. एकट्यांना. पण जावई मागोमाग आलेच.

मी कागद आण्णांच्या हातात दिला. "हे आधी. हे नंतर. हे रणजितरावांनी काढलं, म्हणून मशीन बंद पडलं. आता परत घातलं, चालू झालं."

"पण नंतर चालू होतं," रणजितराव म्हणाले. "शिवाजी काम करत होता. ते कसं?"

"बघा." मी सॉफ्टवेअर उघडं ठेवलं आणि पाथ पुसला. सॉफ्टवेअर चालूच राहिलं. सुई हलवली, हलली. "चालू असलेला प्रोग्रॅम सुरुवातीला जे वाचलं ते धरून बसतो. शिवाजीनं सकाळी तुमच्या साफसफाईच्या आधीच उघडलं होतं, ते पूजेपर्यंत चालू होतं. आता हे बंद करतो." बंद केलं. परत उघडलं. तीच खिडकी, तोच मेसेज. "पूजेला बंद केलंत. त्यानंतर पहिल्यांदा जो उघडेल त्याच्या नावावर बिल फाडलं जाणार होतं. ती प्रज्ञा होती, एवढाच तिचा गुन्हा."

आण्णांनी पडद्यावरचा मेसेज बघितला, मग हातातला कागद बघितला. मोल्डिंगला उभा राहिलेला माणूस. त्यांना समजायला इंग्रजी लागत नव्हतं.

"म्हंजे भट्टी गरम हाय तवर कळत न्हाय," ते म्हणाले. "इझून परत पेटवायला गेलं की कळतंय."

"तेच."

"रणजितराव, तुम्ही जरा केबिनमध्ये बसा."

जावई गेले. मी पाथ पुन्हा टाइप केला. आण्णांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आणलेले आण्णा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"सुतार, व्हायरस लिव्हा."

"काय?"

"व्हायरस आलता म्हणून लिव्हा. बाईचं बी नाव नगं, पावण्यांचं बी नगं. कुणाचंच न्हाय. बाईला घेतो की कामावर. मिटलं."

"मिटलं कसं? काल भर डिपार्टमेंटमध्ये तिला चोर ठरवलंत. आज गेटवर बसवलंत. वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवतोय. आणि आता म्हणायचं व्हायरस? उद्या सगळे म्हणतील, बाईनंच व्हायरस घातला."

"जावई हाय माझा. लेक तिकडं दिलीया. तुमास्नी कळत न्हाय व्हय?"

कळत होतं. आमच्याकडं चारचौघांत जावयाला बोल लावला, तर तो घरी जाऊन कुणाला लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आण्णांची अडचण मला कळत होती, म्हणूनच मला जास्त राग येत होता. एकाची लेक सुखात राहावी म्हणून दुसऱ्याच्या लेकीला गेटवर बसवायचं, हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी.

"आण्णा, रिपोर्टवर मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. पण व्हायरसही लिहिणार नाही. साफसफाईत पाथ काढला गेला, एवढं लिहीन. बाकी तुमचं तुम्ही बघा. ट्रक तुमचा आहे."

त्यांनी प्रज्ञाला आत बोलावलं. ती आली तेव्हा डिपार्टमेंटची माणसंही दारात जमली होती. बापू होता, फडकं घेऊन. मशीन सुरू झाल्याची बातमी शॉपमध्ये पोचायला वेळ लागत नाही. रणजितरावही मागं येऊन उभे राहिले, हातात मोबाइल.

"झालं गेलं गंगेला मिळालं," आण्णा म्हणाले. "बस पोरी मशीनवर. हाऊसिंगच्या कास्टिंगचा लॉट हाय, रिपोर्ट काढ. ट्रक थांबलाय."

प्रज्ञा बसली नाही. पिशवी खांद्यावर तशीच. "कशानं बंद पडलतं?"

"ते सुतारांनी बघितलंय. चालू झालं की आता."

"काल सगळ्यांसमोर म्हणालेत, मी केलं. मग आज बी सगळ्यांसमोर म्हणा."

"काय म्हणू?"

"मी बिघडवलं न्हाय, एवढं म्हणा. आणि माझ्या नागपूरला जाण्यानं बी बिघडलं न्हाय, ते बी म्हणा. मग बसतो."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, विनंतीही नव्हती. मी मनात म्हणत होतो, बाई, मागं हटू नको. तुझ्याशिवाय आज ह्या इमारतीत कुणाला ते मशीन चालवता येत नाही. ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

आण्णांनी एकदा जावयाकडं बघितलं. जावई मोबाइलकडं बघत होते. आण्णांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

"ऐका रं सगळी," ते म्हणाले, आणि आता आवाज नेहमीचा होता, शॉपच्या त्या टोकाला ऐकू जाणारा. "ह्या पोरीनं काय बी बिघडवलेलं न्हाय. तिच्या रजेचा आन् मशीनचा काय बी संबंध न्हाय. मी न बघता बोललो, न बघता तिला गेटवर बसवली. चूक माझी हाय."

जावयाचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते घेणार नव्हतेच. दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन ते मोकळे झाले. मला ते अर्धंच वाटलं, आणि अजून अर्धंच वाटतं. पण तो माणूस निदान तोंडानं बोलला. बापू फडक्याकडं बघत होता.

प्रज्ञानं पिशवी खाली ठेवली. बापूच्या हातातलं फडकं घेतलं, टेबल पुन्हा एकदा पुसलं, मी पुसलेलं तिला पटलं नसावं. मग खुर्चीवर बसली. आभार मानले नाहीत, माझेही नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "साहेब, दार लावून घ्या. एसी भाईर चाललाय."

दारात रणजितराव होते. ते बाहेर गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रिपोर्ट त्याच दिवशी निघाला. ट्रक दिवेलागणीच्या आधी गेला. माझ्या सर्व्हिस रिपोर्टवर मी लिहिलं: साफसफाई करताना सिस्टिम पाथ काढला गेला, पूर्वीप्रमाणे केला. आण्णांनी वाचलं आणि सही केली.

आमच्या साहेबांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "व्हायरस लिहिलं असतंस तर तुझं काय जात होतं?" त्या वर्षाअखेर एएमसी दुसऱ्या फर्मला गेली, आणि ती माझ्यामुळं गेली असं साहेब निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले. म्हणोत. बोर्डावरचा तो कागद मी टाचण्यांसकट परत लावला होता. दुसऱ्या दिवशी तो कुणीतरी काढला, असं नंतर कळलं. पहिल्या क्रमांकाची ढाल मात्र रणजितरावांच्या केबिनमध्येच राहिली.

प्रज्ञा तिथं आणखी काही वर्षं होती. मग शिरोलीला एका मोठ्या कारखान्यात गेली, क्वालिटीची इन्चार्ज म्हणून. दसऱ्याला ती दरवर्षी नागपूरला जातच राहिली. तिनंच मला एकदा बसस्टँडवर सांगितलं की पुढच्या खंडेनवमीला आण्णांनी सीएमएमच्या दारावर स्वतः पाटी लावली होती: 'कॉम्प्युटरची साफसफाई फक्त बाहेरून, कोरड्या फडक्यानं करावी.' खाली सही. तेवढं एकच हसू आलं मला या सगळ्या प्रकरणात.

सिस्टिमच्या सेटिंगला हात लावण्याआधी जुनं काय होतं ते टिपून ठेवावं, असं मी पुढं प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगत आलो. त्या जावयानं ते केलं होतं. ढालीसाठी का होईना, केलं होतं, आणि म्हणूनच मशीन एका दिवसात उभं राहिलं. पाथचं हे सोपं आहे, जुना बघून परत टाइप करता येतो. भर डिपार्टमेंटमध्ये माणसाला जे बोललो ते टाइप करून परत घेता येत नाही. ते तिथंच, तेवढ्याच मोठ्या आवाजात, तोंडानं परत घ्यावं लागतं. आण्णांनी घेतलं. जावयानं अजून घेतलेलं नाही.